दर्भाचा कावळा

३ जानेवारी, शनिवार

पोहोचले. खोली फोटोत दिसली होती त्याहून मोठी आहे. भिंतींना नवा पिस्ता रंग, दोन खिडक्या, एक दार थेट गच्चीवर. गच्चीतून विद्यापीठाची झाडं दिसतात. विद्यानगर हे नाव ऐकून जुनाट काहीतरी असेल असं वाटलं होतं. तसं नाही. गल्लीच्या तोंडाशी इडलीची गाडी आहे आणि समोरच्या घरात कुणीतरी दिवसभर वीणा शिकतं.

घरमालक एकनाथराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे बिदरकडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत. त्यांच्या मराठीत उर्दू आणि तेलुगू अशी मिसळली आहे की सुरुवातीला मी नुसती मान हलवत होते. माझी बॅग त्यांनी उचलली. राहू द्या म्हटलं तर म्हणाले, "पर्वालेदु, बेटा." म्हणजे काही हरकत नाही. मग जिन्यात दम खायला थांबले.

मराठी मुलगीच हवी अशी त्यांची अट होती. त्यांच्या बायकोनं, भामाकाकूंनी, कारण सांगितलं. "यांना मराठी ऐकणारं माणूस पायजे. लग्न झाल्यापासनं मीच ऐकायलेय. आता तू ऐक."

ही खोली त्रिवेणीची. त्यांची एकुलती मुलगी, दोन वर्षांपूर्वी गेली. शेजाऱ्यांकडून कळण्यापेक्षा आम्हीच सांगतो, असं म्हणून काकूंनी मला भाजी वाढली. काय झालं होतं ते मी विचारलं नाही. तिचा कॉम्प्युटर अजून टेबलावर आहे. रविवारी काकू त्यावरून बिदरच्या बहिणीशी बोलतात. तेवढ्यासाठी वर आले तर चालेल ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज या.

नव्या गावात रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. वहीत. दिवसभर स्क्रीन पाहून झाल्यावर कागद बरा वाटतो.

६ जानेवारी, मंगळवार

नोकरीचे पहिले दोन दिवस बरे गेले. सॉफ्टवेअर तपासणं हेच काम, पुण्यात होतं तेच. शेजारच्या टेबलावर वैशाली बसते, मुंबईची, हिमायतनगरला राहते. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की इथं जेवणात तिखट कमी घाला असं म्हणू नये, लोकांना ते आजारपण वाटतं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल.

भाऊ रोज फोन करतो. कौस्तुभ माझ्याहून लहान, पण मी घर सोडल्यापासून वडीलधाऱ्यासारखा बोलतो. जेवलीस का, दाराला कडी आहे का. आज म्हणाला, "ताई, बिर्याणी खाऊन फुगलीस तर स्थळं येणार नाहीत." मी फोन ठेवला. मग त्यानं बिर्याणीचाच फोटो पाठवला.

१० जानेवारी, शनिवार

एकनाथराव संकोचत वर आले. कॉम्प्युटर लई हल्लू चालायलंय, बोलता बोलता बहिणीचं तोंड वाकडंच राहतं, जरा बघतेस का. मी सॉफ्टवेअरची टेस्टर आहे, कॉम्प्युटरची डॉक्टर नाही, असं म्हटलं. "मग टेस्ट कर की," म्हणाले.

बघितलं. अँटिव्हायरसची मुदत केव्हाच संपली होती. नवा घातला, अद्ययावत केला, पूर्ण तपासणी लावली. जुनं मशीन, रात्रभर चालेल. काकूंना म्हटलं, सकाळपर्यंत हात लावू नका. त्यांनी क्रोशाचं कव्हर हातात घेतलं होतं. ते घालू का, थंडी आहे, म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या.

११ जानेवारी, रविवार

बराचसा किरकोळ कचरा निघाला. जाहिराती दाखवणारे, ब्राउझरला चिकटलेले. निवडले, काढले, गेले. एक राहिला. नाव प्रिंटरच्या फाइलसारखं साधं. वर्ग: स्पायवेअर. धोका: गंभीर. असा प्रोग्राम टाइप केलेलं प्रत्येक अक्षर टिपतो, अधूनमधून स्क्रीनचं चित्र घेतो, कॅमेरा उघडतो, आणि सगळ्याचा अहवाल करून कुणालातरी पाठवतो. त्याच्यावरची तारीख त्रिवेणी असतानाची होती.

काकू पलंगावर बसून अंबाडी निवडत होत्या. त्यांना सांगितलं की यात एक हेर बसला आहे. कोणाचा, असं त्यांनी विचारलं. ते कळायला मार्ग नाही, पण काढता येईल, मी म्हटलं.

काढता येईना. आधी क्वारंटाईन केला, म्हणजे वेगळ्या कोठडीत बंद. पुन्हा तपासलं तर जागेवर हजर. 'रिमूव्ह' दाबलं. उत्तर आलं, फाइल वापरात आहे. इंटरनेटची वायर उपटली. सेफ मोडमध्ये चालू केलं. मशीन पुरतं सुरू होण्याआधीची तपासणी चालवली. फाइल वापरात आहे. कोण वापरतंय ते दाखवत नव्हतं.

काकू म्हणाल्या, कावळ्यासारखंच झालं हे. मग त्यांनी सांगितलं. त्रिवेणीच्या दहाव्याला, बासरला, गोदावरीच्या काठावर, कावळा पिंडाला शिवेना. झाडावर कावळे होते. पिंडाकडे बघत होते, उतरत नव्हते. मग आपल्यात करतात तसं एकेकानं हात जोडून तिला कबूल करायला सुरुवात केली. तुझे कपडे कुणाला देणार नाही. आईला जपू. तुझ्या मैत्रिणीच्या लग्नाला जाऊ. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला.

"गवताचा," काकू म्हणाल्या. "तिला काय पायजे होतं ते कळलंच नाही की."

मग त्यांनी अंबाडी बाजूला ठेवली, हात पुसले आणि स्क्रीनसमोर जोडले. तुझी पुस्तकं हलवणार नाही, म्हणाल्या. आणि मला, "दाब."

मी दाबलं. वापरात आहे.

तुझ्या मावशीशी भांडणार नाही. वापरात आहे. तुझ्या बापावर रोज चिडणार नाही. वापरात आहे. "बघ," काकू म्हणाल्या, "तिलाबी खरं वाटंना." आम्ही दोघी हसलो. त्यांचे डोळे भरले होते. मला ते लवकर संपवावंसं वाटलं. मी माउसवर बोट ठेवून म्हटलं, बरं बाई, आता मी आहे ना इथं. त्रिवेणीच्या ऐवजी मी आहे. तू जा.

दाबलं. पट्टी हिरवी झाली. धोका काढून टाकला आहे.

काकूंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कडाकड वाजली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सुट्टी. गच्चीवर गल्लीतली मुलं पतंग घेऊन आली होती. एकनाथरावांनी मांजा धरायचा हट्ट केला आणि बोट कापून घेतलं. तिळगूळ वाटला. कॉम्प्युटर चांगला चालतो आहे. काकूंनी बहिणीला सोडलं ते बहिणीचा नवरा तिला जेवायला बोलवायला आला तेव्हाच.

पुन्हा एकदा तपासणी केली. धोका आढळला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

दुपारी ऑफिसात एक मेल आला. विषय, 'आजचा अहवाल'. पाठवणाऱ्याचा पत्ता माझाच. मलाच माझ्याकडून.

आत माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपच्या स्क्रीनची चित्रं. सकाळपासून टाइप केलेलं सगळं. वैशालीला केलेले मेसेज, जे मी फोनवरून केले होते. हा लॅपटॉप त्या घरातल्या कॉम्प्युटरला कधी जोडलेला नाही. पेन ड्राइव्हही नाही.

करायचं ते केलं. वैशालीच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले. सगळीकडून लॉगआउट केलं. बँकेला कळवलं. लॅपटॉप आमच्या सपोर्टच्या रितेशकडे दिला. त्यानं तो तासभर तपासला आणि परत दिला. "सब साफ है मॅडम. टेन्शन नक्को लेव." फोन कोरा करून पुन्हा चालू केला.

घरी येताना बसमध्ये बरं वाटत होतं. जे करायचं ते सगळं केलं होतं.

१७ जानेवारी, शनिवार

पुन्हा अहवाल. बदललेले पासवर्ड त्यात आहेत. आईला लिहायला घेतलेला आणि न पाठवता पुसलेला मेसेज आहे. पुसण्याआधीचा आणि पुसल्यानंतरचा.

एकनाथरावांना काही बोलले नाही. कॉम्प्युटर तर स्वच्छ आहे.

१९ जानेवारी, सोमवार

वैशाली माझ्यावर रागावली. शनिवारी मी तिच्याकडे जेवायला जायचं ठरलं होतं म्हणे. ती कोळंबी आणून बसली होती. मला असं काही ठरल्याचं आठवत नाही. तिनं फोन पुढे केला. माझाच मेसेज. येते, सोलकढी कर. मी खरंच विसरले असेन. पण विसरलेली गोष्ट कुणी दाखवली की आठवते. ही आठवली नाही. दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं तसं वाटलं.

संध्याकाळी शुक्रवारचा अहवाल उघडला. त्यात तो मेसेज होता.

२१ जानेवारी, बुधवार

घरून काम. अहवालात काय आहे आणि मला काय आठवतं, ते मुद्दाम ताडून पाहिलं.

काल आईशी बोलले, अशी फोनमध्ये नोंद आहे. आजच्या अहवालात त्या बोलण्याचं टिपण आहे, शब्दन् शब्द. आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन, शेजारच्यांनी गाडी विकली, तू बारीक दिसतेस. मी वाचलं. मला यातलं एकही वाक्य ऐकल्याचं आठवत नाही. परवाचं बोलणं अहवालात नाही. परवाचं मला नीट आठवतं.

तो बघतो तेवढं माझ्याकडून जातं.

हे लिहून खाली रेघ मारली आहे. तर्क म्हणून लिहिलं आहे. चूक असेल.

२२ जानेवारी, गुरुवार

आजच्या अहवालात एक फोटो आहे. मी टेबलाशी, पाठमोरी, वेणी डाव्या खांद्यावर. फोटो भिंतीच्या बाजूनं काढलेला आहे. त्या भिंतीवर काही नाही. खिळासुद्धा नाही. मी हात फिरवून पाहिला. पिस्ता रंग, गार.

कॉम्प्युटर बंद होता. प्लग काढलेला.

अँटिव्हायरसचा इतिहास उघडला. तो प्रोग्राम परत आणता आला तर आणावा असं वाटलं. निदान तो कुठे आहे ते तरी कळेल. यादीत रविवारची तपासणी आहे. धोका आढळला नाही. काढलेल्या वस्तू: किरकोळ जाहिराती. तो नाहीच.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी जेवायला खाली गेले. काकू ताट वाढत होत्या. मी त्यांना त्यांचं नाव विचारलं. सहज, बोलता बोलता. काकू म्हणाल्या, थट्टा करतेस होय माझी. एकनाथरावांच्या हातातून पेला पडला.

नंतर ते गच्चीत आले. उन्हात उभे राहून बोलले. माझ्याकडे बघत नव्हते.

प्रोग्राम त्यांनीच घालून घेतला होता. त्रिवेणी कॉलेजात होती. रोज पेपरात पोरींचं काहीबाही यायचं. अंबरपेठेतल्या एका दुकानदारानं सांगितलं, साहेब, फोनवर सगळं दिसेल, पोरीला कळणारबी नाही. काकूंना सांगितलं नाही. काही महिन्यांत त्रिवेणीला कळलं. ती दोन दिवस जेवली नाही. मग त्यांनी दुकानदाराला घरी बोलावून तिच्यासमोर तो काढून टाकायला लावला. काढला, असं स्क्रीनवर आलं. एकनाथरावांच्या फोनवर अहवाल यायचे थांबले.

त्रिवेणी म्हणायची, अजून बघतंय. ते म्हणायचे, कोणी बघत नाही, बेटा, शपथ. ती म्हणायची, तुम्ही नाही, पप्पा. दुसरंच कुणीतरी बघतंय. तुम्ही दार उघडून दिलं.

मग ती विसरायला लागली. आधी मैत्रिणी. मग रस्ता. एक दिवस आईला म्हणाली, बाई, तुमचं नाव काय. निझामकाळापासून चालत आलेल्या हकिमाच्या दवाखान्यापासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत सगळं झालं. मेंदूच्या फोटोत काही नाही. शेवटी घास तोंडात धरून बसायची. गिळायचं कसं ते तिला माहीत नव्हतं.

बासरला सगळ्यांनी सगळं कबूल केलं. मीच एक काही बोललो नाही, ते म्हणाले. पोरी, तू खरं बोलत होतीस, एवढंच तिला म्हणायचं होतं. जीभ उचलंना. म्हटलं असतं तर पोरीला मीच मारलं असं झालं असतं.

मग माझ्याकडे बघितलं. "जा बेटा. आजच जा. पुण्याला जा, कुठंबी जा."

मी विचारलं, काढून टाकताना मी काय म्हणाले ते काकूंनी तुम्हाला सांगितलं का.

सांगितलं होतं. ते रडायला लागले.

मला वाटलं होतं मी त्रिवेणीशी बोलते आहे.

२४ जानेवारी

बॅग भरून वैशालीकडे आले. हिमायतनगर. तिसरा मजला, खाली बाजार, गजबज. वैशाली बडबडते आहे, बरं वाटतं. तिच्या घरात मी फोन बंद ठेवला आहे. लॅपटॉप आणलाच नाही.

दुपारी तिनं हाक मारली. तुझ्या नावानं मला काय मेल आलाय बघ.

फोटो. मी तिच्या सोफ्यावर, पाय पोटाशी घेऊन. वरून काढलेला. पंख्याच्या उंचीवरून. वैशाली म्हणते, कुणी काढला हा, मी नाही काढला. वैशाली पंख्याकडे बघते आहे. मला म्हणते, तू जा. वाईट वाटून घेऊ नकोस, केतकी, पण तू—

बरोबर आहे तिचं.

२६ जानेवारी

मी पिस्ता रंगाच्या खोलीत आहे. कशी आले ते माहीत नाही. वर लिहिलं आहे की मी वैशालीकडे गेले होते. वैशाली शेजारच्या टेबलावर बसते, हेही वर लिहिलं आहे.

कागद तो अजून बघत नाही. किंवा बघतो, सांगत नाही.

आता महत्त्वाचं तेवढंच लिहायचं.

मी केतकी. पुण्याची. खाली राहतात ते चांगले लोक आहेत. ते देतील ते खायचं. चावायचं, मग गिळायचं.

२७ जानेवारी

एकनाथराव टेबलासमोर बसले होते. स्क्रीनला हात जोडून म्हणत होते, तिला सोड, तिच्या ऐवजी मी आहे, मी म्हातारा आहे पण मला पुष्कळ आठवतं. पुन्हा पुन्हा म्हणत होते. काही झालं नाही. त्याला म्हातारं नको असेल. किंवा ज्यानं दार उघडून दिलं तो नको.

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांना आता सगळं कळलं आहे. त्या नवऱ्याशी बोलत नाहीत. माझ्या तोंडात वरणभात घालतात.

पुण्याहून फोन आला होता, काकूंनी घेतला. कौस्तुभ येतो आहे, मला न्यायला.

विचार केला. तो तरुण आहे. त्याला सगळं आठवतं. शाळेतले हजेरी क्रमांकसुद्धा.

कौस्तुभला त्या वाक्याबद्दल सांगायचं नाही. तो ऐकणार नाही. मला खोटं पाडायला तो ते म्हणून दाखवेल. सांगायचं नाही. सांगायचं नाही.

२८

मुलगा आला. उंच, पाठीला सॅक. दारातच म्हणाला, "काय ताई, हैदराबादला येऊन बिर्याणी सोडून उपास करतेस?" मग माझ्याकडे नीट बघितलं. मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला गाडीचा वास होता.

त्यानं सगळं तपासलं. कॉम्प्युटर, फोन. भिंतीसुद्धा ठोकून बघितली. काही नाही. स्वच्छ. आज संध्याकाळची गाडी आहे म्हणतो. पुण्यात डॉक्टर ठरवलाय.

खाली काकूंकडून तो सगळं ऐकून आला. एक गोष्ट काकूंनी सांगितली नाही म्हणतो. काढून टाकताना मी काय म्हणाले, ते. ते तू सांग, म्हणतो. हात धरून विचारतो. काय म्हणालीस गं, एवढं काय म्हणालीस.

मागचं पान वाचलं. कौस्तुभला सांगायचं नाही, असं आहे. तीनदा.

कौस्तुभ कोण, ते मला—

सांगितलं.

दुपार

तो हसला नाही. माझा हात सोडला नाही. मग म्हणाला, हे तुझ्या डोक्यातून जायला पाहिजे. मीपण म्हणतो तसंच. काही होणार नाही. तू बघ काही होत नाही ते. मग चहा पिऊ, निघू.

नको, असं मी म्हटलं का? म्हटलं असेन. लिहिलेलं नाही.

एकनाथराव जिन्यातून ओरडताहेत. काकूंनी त्यांचा दंड धरलाय. काकू त्यांना सोडत नाहीत. काकू माझ्याकडे बघताहेत. त्यांच्या डोळ्यांत—त्यांना मी हवी आहे. त्या मुलाला काय झालं तरी चालेल, पण मला नाही. असं काहीतरी.

मुलानं खुर्ची ओढली. प्लग लावला. स्क्रीन उजळली. "नमस्कार," तो स्क्रीनला म्हणतो. "जे कोण असाल ते." वळून माझ्याकडे बघतो. हसताना एक डोळा बारीक करतो. मला हिंमत द्यायला हसतोय.

मागच्या पानावर लिहिलंय तो येणार म्हणून. अक्षर माझंच आहे. म्हणजे हा माझा कुणीतरी.

उठायला हवं. तो थांबेल. मी एक शब्द बोलले तर थांबेल.

"आता केतकीच्या ऐवजी," तो म्हणतो आणि घसा खाकरतो—

आलं.

काहीतरी आलं. आत. गरम. वाडिया कॉलेजसमोरचा रस्ता. माझी लाल लेडीज सायकल. मागे कॅरियरवर कुणीतरी आहे, माझ्या फ्रॉकचा पट्टा मुठीत घट्ट—

अजून त्यानं पुरं म्हटलेलं नाही. अर्धंच. अर्ध्यातच इतकं आलं. वेळ आहे. एवढं लिहून घेते, पुन्हा जाईल नाहीतर, एवढं लिहिते आणि त्याला थांबवते—

फ्रॉकचा पट्टा धरून म्हणतोय, ताई, हळू, ताई, सोडू नकोस. पुढचे दात पडलेले. गुडघ्याला मलमपट्टी, ती मीच बांधलेली, आईला कळू नये म्हणून माझ्या रुमालानं. उतार आला आणि तो हसायला लागला, एक डोळा बारीक करून, तो कौस्तुभ, माझा कौस्तुभ, आणि उताराच्या शेवटी मी ब्रेक लावला तेव्हा तो म्हणाला— "मी आहे."